राजारामपुरीतली लॉ एन्ट्रन्सची खासगी शिकवणी: पैसे नेमके कशाचे द्यायचे?

लॉच्या प्रवेश परीक्षेसाठी खासगी शिकवणी शोधायला निघालेले पालक पहिल्यांदा विचारतात, "सर वकील आहेत का?" त्याऐवजी दुसरंच काही विचारायला हवं. मुलानं सोडवलेला पेपर सर स्वतः बघतात का? चुकलेल्या प्रत्येक उत्तराच्या वेळी डोक्यात काय चाललं होतं, ते मुलाकडून वदवून घेतात का? इथे ज्या शिकवणीबद्दल लिहितोय ती या कसोटीला उतरते. तिच्यात उणिवा आहेत आणि त्या पुढे लिहिल्याच आहेत, पण कोल्हापुरात राहून क्लॅट (राष्ट्रीय विधी विद्यापीठांची प्रवेश परीक्षा) आणि सीईटी (महाराष्ट्रातल्या लॉ कॉलेजांची) दोन्ही द्यायच्या असतील तर ती लावावी, असं स्पष्ट मत आहे.

शिकवणी राजारामपुरीत, राहत्या घराच्या वरच्या मजल्यावर चालते. बोर्ड नाही, जाहिरात नाही, सगळं ओळखीतून कळतं, त्यामुळे नाव-पत्ता इथे देत नाही. एका वेळी एक किंवा फार तर दोन विद्यार्थी. आठवड्यातून तीन दिवस संध्याकाळी दीड-दीड तास, आणि रविवारी दुपारी २ ते ४ पूर्ण पेपर. फी तासाला ६०० रुपये, दोघं मिळून आलात तर प्रत्येकी ४००. रविवारच्या पेपरचे वेगळे पैसे नाहीत. महिन्याला साधारण १८ तास धरले तर एकट्याला १०,८०० आणि जोडीत ७,२०० रुपये पडतात. जोडी करायची तर दोघांची पातळी जवळपास सारखी हवी. एक सीबीएसईचा आणि दुसरा मराठी माध्यमाचा अशी जोडी जमली, तर इंग्रजी उताऱ्यांच्या दिवशी एक जण नुसता बसून राहतो.

आधी परीक्षांचा हिशेब मांडू, कारण शिकवणीचं मोल त्यावरच ठरतं. क्लॅट कागदावर होते. १२० प्रश्न, १२० मिनिटं, बरोबर उत्तराला एक गुण, चुकीला पाव गुण वजा. इंग्रजीचे २२ ते २६ प्रश्न, चालू घडामोडींचे २८ ते ३२, लीगल रीझनिंगचे तेवढेच, लॉजिकलचे २२ ते २६ आणि गणिताचे १० ते १४. पेपर फक्त इंग्रजीत असतो आणि प्रश्न उताऱ्यांवर असतात. एमएच-सीईटी लॉ संगणकावर होते. तिथेही १२० प्रश्न आणि दोन तास, पण चुकीला वजाबाकी नाही, प्रश्न बहुतांश सुटे आणि थेट माहितीवरचे, आणि इंग्रजीचा विभाग सोडला तर पेपर मराठीतही मिळतो. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी कायदा ३२, सामान्य ज्ञान २४, तर्क ३२, इंग्रजी २४, गणित ८ अशी वाटणी आहे. पदवीनंतरच्या तीन वर्षांच्या सीईटीत गणित नाही, मात्र इंग्रजी थेट ४० गुणांचं.

म्हणजे एक परीक्षा वाचनाची आणि दुसरी पाठांतर-सरावाची. दोन्हींना एकच नोट्स आणि एकच पद्धत वापरणारी शिकवणी मुलाचं नुकसान करते. कोल्हापुरात सर्रास दिसणारी चूक हीच आहे. स्पर्धा परीक्षांच्या बॅचमध्ये लॉची मुलंही बसवायची, अंकमालिका, नातेसंबंध, सांकेतिक भाषा घोटून घ्यायची आणि त्यालाच क्लॅटची तयारी म्हणायचं. सीईटीला त्याचा उपयोग होतो. क्लॅटच्या लॉजिकलमध्ये मात्र लेखकाचा युक्तिवाद दिलेला असतो. त्यातलं गृहीतक कोणतं, कोणत्या विधानानं तो लंगडा पडेल, असं विचारतात. मालिका सोडवण्याचा वेग तिथे कामाला येत नाही.

क्लॅटच्या वाचनाचं गणित या शिकवणीत पहिल्याच दिवशी फळ्यावर मांडलं जातं, आणि ते प्रत्येकानं एकदा करून बघावं. उतारा साधारण ४५० शब्दांचा, त्यावर पाचेक प्रश्न. १२० मिनिटांत १२० प्रश्न, म्हणजे एका उताऱ्याला प्रश्नांसकट पाच मिनिटं. मिनिटाला २२५ शब्द वाचणाऱ्याचा उतारा दोन मिनिटांत संपतो आणि प्रश्नांना तीन मिनिटं उरतात, म्हणजे प्रत्येकी ३६ सेकंद. मिनिटाला १५० शब्द वाचणाऱ्याची तीन मिनिटं वाचनातच जातात आणि एका प्रश्नाला २४ सेकंद राहतात. कायदा कितीही पाठ असला तरी २४ सेकंदांत चार पर्याय तोलता येत नाहीत. म्हणून जूनपासून पहिले दोन महिने इथे कायदा जवळजवळ शिकवतच नाहीत. इंग्रजी वर्तमानपत्राचा अग्रलेख, घड्याळ लावून. वाचून झालं की कागद पालथा घालायचा आणि लेखकाला काय म्हणायचंय ते एका मराठी वाक्यात सांगायचं. सांगता आलं नाही, तर तोच अग्रलेख पुन्हा. मराठी आणि सेमी-इंग्रजीच्या मुलांसाठी ही रीत फार चांगली आहे. मनातल्या मनात शब्दाला शब्द भाषांतर करत वाचायची सवय तिनं सुटते, आणि वेग खातं ते हेच भाषांतर. पालकांना हा काळ वाया गेल्यासारखा वाटतो. "दोन महिने झाले, अजून एक कलम शिकवलं नाही," अशी तक्रार येते. ती मनावर घेऊ नये.

आता या शिकवणीचा गाभा, म्हणजे पेपर तपासणी. रविवारी पेपर होतो. घरी जाऊन मुलानं उत्तरतालिकेवरून गुण मोजायचे नाहीत, ही सक्त ताकीद. सोमवारी सर पेपर समोर घेऊन बसतात. चुकलेल्या आणि अंदाजानं बरोबर आलेल्या दोन्ही प्रकारच्या प्रश्नांपुढे मुलानं पेन्सिलनं एक अक्षर लिहायचं. 'व' म्हणजे वाचनात चूक, 'न' किंवा 'वगळून' असा शब्द नजरेतून निसटला. 'ब' म्हणजे बाहेरचं ज्ञान आत आणलं. 'द' म्हणजे दोन पर्यायांत अडकून चुकीचा निवडला. 'घ' म्हणजे घाई, वेळ संपत आली होती. 'म' म्हणजे माहितीच नव्हती. मग वहीत विभागवार बेरीज. ही वही या शिकवणीची खरी कमाई आहे. सलग चार पेपरांत लीगलमध्ये 'ब' जास्त दिसले, तर त्या मुलाला आणखी कायदा शिकवणं म्हणजे दुखणं वाढवणं. चालू घडामोडींत 'म' जास्त असतील तर तिथे तासाला ६०० रुपये घालवू नका, घरी वाचा, असं सर स्वतःच सांगतात.

'ब'चं एक उदाहरण जवळून बघण्यासारखं आहे. नियम असा दिला: जो माणूस धोका पूर्ण माहीत असून स्वेच्छेनं पत्करतो, त्याला त्या धोक्यातून झालेल्या इजेची भरपाई मागता येत नाही. प्रसंग: तिकीट काढून फुटबॉलचा सामना बघायला आलेल्या प्रेक्षकाला मैदानातून उडालेला चेंडू लागला. भरपाई मिळेल का? नाही. चेंडू बाहेर येऊ शकतो हे सामना बघणाऱ्याला ठाऊक असतं. पुढचा प्रश्न: त्याच सामन्यात प्रेक्षकांच्या बाजूचा कठडा तुटला आणि प्रेक्षक खाली पडला. आता? इथे बरेच जण पुन्हा 'नाही' करतात, कारण तत्त्वाचं लॅटिन नाव पाठ असतं आणि 'प्रेक्षक, खेळ, भरपाई नाही' अशी साखळी डोक्यात पक्की बसलेली असते. पण नियमातले शब्द 'धोका पूर्ण माहीत असून' असे आहेत. कठडा कमकुवत आहे हे त्याला माहीत नव्हतं, तेव्हा त्यानं तो धोका पत्करलाच नाही. उत्तर उताऱ्यातल्या अटीत आहे. सर मुलाला ती अट पेन्सिलनं अधोरेखित करायला लावतात आणि मग एकच विचारतात: ही अट प्रसंगात पूर्ण झाली का? प्रत्येक लीगल प्रश्नाला हाच एक सवाल. वकिली करणारी अनेक मंडळी शिकवताना इथेच घसरतात. त्यांना खरा कायदा, त्याचे अपवाद, निवाडे सगळं माहीत असतं आणि ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. क्लॅटमध्ये मात्र उताऱ्यात दिलेला नियम प्रत्यक्षातल्या कायद्यापेक्षा वेगळा असला, तरी उत्तर उताऱ्यावरूनच द्यायचं असतं.

सीईटीला चित्र उलटं. तिथे कलमं, घटनादुरुस्त्या, निवाडे, लॅटिन संज्ञा थेट विचारतात आणि पाठांतर लागतंच. अज्ञान म्हणजे अल्पवयीन व्यक्तीशी केलेला करार मुळातच निरर्थक ठरवणारा १९०३ चा मोहरी बीबी खटला, १३ न्यायाधीशांच्या खंडपीठाचा १९७३ चा केशवानंद भारती निकाल, मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून काढून कलम ३००अ मध्ये नेणारी ४४ वी घटनादुरुस्ती, असं बरंच काही. यासाठी सरांच्या हस्तलिखित नोट्स आहेत आणि त्या चांगल्या आहेत, मुख्य म्हणजे ताज्या आहेत. कुठलीही शिकवणी लावण्याआधी नोट्सची झेरॉक्स मागा आणि पाच मिनिटांत तपासा. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. खुनाच्या शिक्षेचं कलम आता १०३ आहे, जुनं ३०२ नव्हे. ४२० ची फसवणूक ३१८ मध्ये गेली, चोरी ३०३ मध्ये. भारतीय दंड संहितेत ५११ कलमं होती, न्याय संहितेत ३५८ आहेत. नोट्समध्ये अजून फक्त जुनेच आकडे असतील, किंवा सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये रद्द केलेलं व्यभिचाराचं ४९७ कलम अजून गुन्हा म्हणून छापलेलं असेल, तर त्या नोट्स कोणीतरी कुणाकडून तरी उतरवलेल्या आहेत, एवढं समजायचं आणि दुसरं घर बघायचं. या शिकवणीत जुनी आणि नवी कलमं शेजारी-शेजारी दोन रकान्यांत दिली आहेत. प्रश्न कसाही आला तरी अडत नाही.

पाव गुणाच्या वजाबाकीबद्दल कोल्हापुरात नको इतकी धास्ती घातली जाते. "खात्री नसेल तर हात लावू नकोस" हा सल्ला ऐकायला शहाणपणाचा वाटतो, पण आकडे तसं म्हणत नाहीत. चार पर्यायांत डोळे मिटून एक निवडला तर सरासरीनं पाव गुण मिळतो आणि चुकण्याच्या तीन शक्यतांपोटी ०.१८७५ जातो. हाती थोडं का होईना, अधिकच राहतं. दोन पर्याय खात्रीनं बाद करता आले तर सरासरी फायदा ०.३७५ गुणांचा. तेव्हा उतारा वाचून झालाय, दोन पर्याय कटलेत आणि तरीही प्रश्न सोडला, तर तो तोटाच. भीती वजाबाकीची ठेवू नये, वेळेची ठेवावी. एका प्रश्नावर दोन मिनिटं घातली म्हणजे पुढच्या उताऱ्यातले सोपे दोन गुण गेले. मात्र सरसकट अंदाजानंही भागत नाही. १०० प्रश्न सोडवून ७५ बरोबर आले तर ६८.७५ गुण होतात, आणि ८५ सोडवून ७२ बरोबर आले तरी ६८.७५ च. जास्तीचे १५ प्रश्न केले, त्यातले तीनच जमले, पदरात काहीच पडलं नाही. हे कोष्टक सर मुलाच्या स्वतःच्या पेपरावरून काढून दाखवतात. सीईटीत वजाबाकीच नाही, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. शेवटची तीन मिनिटं उरलेले सगळे प्रश्न टिकमार्क करण्यासाठी राखून ठेवायची.

रविवारचा पेपर दुपारी २ वाजता ठेवण्याला कारण आहे. क्लॅट दुपारी २ ते ४ असते. कोल्हापुरात रविवारी दुपारी जेवण अंगावर येतं, आणि नेमक्या त्याच वेळी ४५० शब्दांचे उतारे लक्ष देऊन वाचायची सवय शरीराला लावावी लागते. पेपरही खऱ्यासारखा छापील पुस्तिकेवर, गोल रंगवायच्या वेगळ्या ओएमआर उत्तरपत्रिकेवर, बॉलपेननं. मोबाइलवर मॉक (सराव पेपर) देणाऱ्या मुलांची इथे पहिल्यांदा तारांबळ उडते. एक गोल रंगवायला तीन सेकंद धरले तरी १२० गोलांना सहा मिनिटं लागतात, आणि ती मोबाइलवर कधी मोजलेलीच नसतात. शिवाय एक प्रश्न सोडला आणि गोल मात्र सोडला नाही, की पुढची सगळी रांग सरकते. म्हणून एकेक उतारा संपला की त्याचे पाच गोल एकदम रंगवायचे, शेवटी सगळे नाही. सीईटीचे सराव पेपर मात्र इथे नीट होत नाहीत. संगणक एकच आहे, आणि जोडीतल्या दुसऱ्याला कागदावर पेपर द्यावा लागतो. ही उणीव गंभीर आहे. पडद्यावर प्रश्न वाचणं, 'नंतर बघू' म्हणून खूण करणं, परत येणं, याचा सराव वेगळा करावा लागतो. तो घरी लॅपटॉपवर करा.

पेपर कुठले घेतात, तेही बघावं. उताऱ्यांची पद्धत २०२० पासून आली. २०२३ पर्यंत १५० प्रश्न असत, २०२४ च्या क्लॅटपासून १२० झाले. जुने २०० प्रश्नांचे पेपर आज क्लॅटसाठी निकामी आहेत, तरी काही ठिकाणी तेच घोटून घेतात. २०२० नंतरचे खरे पेपर आणि उत्तरं क्लॅट घेणाऱ्या कन्सॉर्शियमच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात, आणि कुठल्याही कंपनीच्या मॉकपेक्षा ते सरस आहेत. सर ते ऑक्टोबरपर्यंत राखून ठेवतात, आधी उडवून टाकत नाहीत. हे बरोबर आहे.

चालू घडामोडींसाठी महिन्याचे अंक चाळण्यापेक्षा एका बातमीच्या मागे-पुढे जायला इथे शिकवतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचचंच घ्या. १७ ऑगस्ट २०२५ ला उद्घाटन, दुसऱ्या दिवसापासून कामकाज, एवढं सगळ्यांना माहीत. पण कुठल्या कायद्यानं? राज्य पुनर्रचना कायदा १९५६, कलम ५१(३). कुठले जिल्हे? कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग. सर्किट बेंच आणि कायम खंडपीठ यांत फरक काय? उद्घाटन कोणाच्या हस्ते? तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई. त्यांच्यानंतर कोण? सूर्य कांत, २४ नोव्हेंबर २०२५ पासून. एका बातमीतून पाच प्रश्न निघतात, आणि पुढचा तास सुरू होण्याआधी मुलानं अशी एक बातमी स्वतः उलगडून आणायची असते. आरक्षणाचा विषय निघाला की शाहू महाराजांच्या २६ जुलै १९०२ च्या जाहीरनाम्यापासून २०१९ च्या १०३ व्या घटनादुरुस्तीपर्यंत सलग धागा लावून देतात. हे तास ऐकण्यासारखे असतात.

आता राहिलेल्या तक्रारी. गणित इथे शिकवलं जात नाही. "दहावीपर्यंतचंच आहे, घरी करा," एवढ्यावर सुटका. शेकडेवारी, गुणोत्तर, सरासरी आणि तक्ता वाचणं एवढंच असतं हे खरं, पण कला शाखेच्या मुलानं दहावीनंतर गणिताला हात लावलेला नसतो, आणि क्लॅटचे १० ते १४ गुण सोडून देण्यासारखे नाहीत. दुसरं, सर वकिली करतात. सर्किट बेंच सुरू झाल्यापासून त्यांची संध्याकाळ हमखास मोकळी नसते, तास ऐनवेळी पुढे जातात. बुडालेला तास भरून देतात, पण कधी रात्री साडेआठला, आणि गारगोटी किंवा कागलहून येणाऱ्या मुलीला ते जमत नाही. सुरुवातीलाच दोन दिवस पक्के ठरवून घ्या आणि तिसरा ऑनलाइन मागा, ते तयार होतात. तिसरं, बोर्डाच्या परीक्षेसाठी जानेवारी ते मार्च शिकवणी बंद असते, आणि एप्रिलमध्ये सीईटीसाठी गाडी पुन्हा रुळावर यायला वेळ जातो. या तीन महिन्यांत निदान कलमांची उजळणी आणि रोज एक बातमी चालू ठेवा.

कोणी लावू नये? ज्याला कोल्हापुरातच, १९३३ पासूनच्या शहाजी लॉ कॉलेजसारख्या ठिकाणी किंवा भारती विद्यापीठाच्या न्यू लॉ कॉलेजात शिकायचंय आणि जो फक्त सीईटी देणार आहे, त्यानं एवढे पैसे घालू नयेत. जुने प्रश्न, एक चांगलं पुस्तक आणि रोजचं वर्तमानपत्र, एवढ्यावर नेटानं अभ्यास केला तर भागतं. मुंबईचं जीएलसी (शासकीय विधी महाविद्यालय) किंवा पुण्याचं आयएलएस लॉ कॉलेज हवं असेल तर सीईटीतही एकेक गुण महत्त्वाचा ठरतो. तिथे शेवटच्या दोन महिन्यांची तपासणी कामाची. आणि मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांवर नजर असेल, तर जूनपासूनच बसावं. महाराष्ट्रात अधिवास असलेल्यांसाठी तिथे राखीव जागा आहेत. त्यामुळे अधिवास, जात आणि नॉन-क्रिमीलेअरची कागदपत्रं निकालानंतर धावपळ करून काढण्यापेक्षा पावसाळ्यातच अर्ज करून ठेवा. याची आठवण सर करून देतात, पण कागद गोळा करणं पालकांचं काम आहे.

भेटायला जाताना मुलानं सोडवलेला एखादा पूर्ण पेपर बरोबर न्या, कुठलाही चालेल. सर एक तास फुकट देतात आणि त्या तासात शिकवत नाहीत, तो पेपरच बघतात. जोडीसाठी जागा हवी असेल तर दहावी-बारावीचे निकाल लागण्याची वाट न बघता मे महिन्यातच विचारा. जूननंतर फक्त एकट्याचे, तेही सकाळी साडेसहाचे तास उरतात.